ज्वाळा सगळ्यात शेवटी येतात

८ नोव्हेंबर २०१८. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावच्या फेदर रिव्हर हॉस्पिटलमध्ये सकाळीच एका बाईचं सिझेरियन उरकलं होतं. कमरेखालची बधिरता अजून उतरायची होती. तेवढ्यात हॉस्पिटल रिकामं करा, असा निरोप आला. रुग्ण साठहून अधिक आणि रुग्णवाहिका मोजक्याच. मग ज्या कर्मचाऱ्याची गाडी आवारात होती त्याने ती दाराशी आणली आणि रुग्ण मागच्या सीटवर, सलाइनच्या बाटलीसकट, बसवले गेले. बाहेर सकाळ असून रात्रीसारखा काळोख होता. काही गाड्या गल्लीत अडकल्या, एका रुग्णवाहिकेने पेट घेतला. तेव्हा नर्स, पॅरामेडिक आणि रुग्ण यांनी जवळच्या एका घराच्या गॅरेजचा आसरा घेतला. त्या बाळंतिणीलाही तिथेच आणलं. कोणी छपरावरचा वाळका पालापाचोळा ओढून काढला, तर कोणी बागेतल्या नळीने घर भिजवत राहिलं. घर टिकलं आणि आतली माणसंही वाचली.

या आगीत, म्हणजे ‘कॅम्प फायर’मध्ये, ८५ माणसं गेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मेलेल्यांपैकी बहुतेकांचं वय ६५ च्या पुढे होतं आणि पुष्कळांचे मृतदेह त्यांच्या घरातच सापडले. म्हणजे हॉस्पिटलच्या खाटेवर होते त्यांना उचलून नेणारे हात मिळाले. जे आपापल्या घरी वॉकर, चाकाची खुर्ची आणि ऑक्सिजनच्या नळीसह होते, त्यांच्यातलेच अनेक मागे राहिले. वणव्याच्या काळात आजारी माणसासाठी सगळ्यात धोक्याची जागा कोणती, याचं या आगीने दिलेलं उत्तर हॉस्पिटल नव्हे, घर असं आहे. आणि आजचं वैद्यक तर गंभीर आजाऱ्याला जास्तीत जास्त घरीच ठेवतं. केमोथेरपी घेऊन संध्याकाळी घरी, डायलिसिस करून दुपारी घरी, ऑक्सिजन चोवीस तास घरीच.

वणवा म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फाल्गुन-चैत्रातल्या डोंगरावरून रात्री सरकणारी लाल रेघ येते. सह्याद्रीतली आग बहुधा वाळल्या गवताची आणि पाचोळ्याची असते. ती जंगलाचं आणि रानातल्या जिवांचं भयंकर नुकसान करते, पण गावच्या गाव गिळल्याच्या कहाण्या आपल्याकडे कमी आहेत. कॅलिफोर्नियात गणित वेगळं आहे. तिथे लाकडी घरं झाडीत घुसलेली असतात. शरदात कोरडे वारे डोंगरावरून खाली सुटतात आणि आगीचा पट्टा पोचायच्या कितीतरी आधी जळत्या ठिणग्या उडत पुढे जाऊन पडतात. मग घरंच सरपण होतात. पॅराडाइजच्या आगीची सुरुवात सकाळी साडेसहाच्या सुमारास विजेच्या एका शंभरेक वर्षं जुन्या वाहिनीचा झिजलेला हूक तुटून झाली. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीने पुढे २०२० मध्ये ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कोर्टात कबूल केला.

गाव बेसावध होतं असंही नाही. २००८ च्या आगींमधून धडा घेऊन त्याचे विभाग पाडले होते, कोणता विभाग कधी निघणार हे ठरलं होतं, रस्ता एकदिशा करण्याची तालीमही झाली होती. पण एकेक विभाग रिकामा करायचा हे गृहीतच त्या सकाळी कोसळलं, कारण ठिणग्या सगळीकडे एकदमच पडल्या. धोक्याचे निरोप ज्या फोनयंत्रणेवरून जायचे, तिच्यात अनेकांनी नाव नोंदवलेलंच नव्हतं. बाहेर पडायचे रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एरवी वीस-पंचवीस मिनिटांत गाठायचं चिको शहर त्या दिवशी काहींना चार-पाच तासांवर गेलं. पॅराडाइज स्वस्त आणि शांत, म्हणून निवृत्त माणसांचं आवडतं. गावात दर चार माणसांमागे एक पासष्टीच्या पुढचा. ज्याला स्वतः गाडी चालवता येत नाही, त्याचं काय, हा प्रश्न नकाशावर कुठेच नव्हता.

हा प्रश्न एका गावाचा किंवा एका देशाचाही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ‘ब्लॅक सॅटर्डे’ला, १७३ जण गेले. चौकशी आयोगाने मृतांचा हिशेब मांडला तेव्हा ४४ टक्के माणसं लहान मुलं, सत्तरीपुढचे वृद्ध, आजारी किंवा अपंग अशी निघाली. तोवर तिथलं धोरण होतं, ‘वेळेत निघा, नाहीतर थांबून घर राखा’. घर राखायचं म्हणजे पंप चालवायचा, छपरावर चढायचं, तासन्‌तास धुरात उभं राहायचं. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला यातलं काय जमणार? धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात एक धडधाकट माणूस बसलेला असतो आणि त्याला हलवणं फार कठीण जातं.

आजारी माणसापर्यंत वणवा पोचतो तो ज्वाळांच्या रूपात नाही. ज्वाळा सगळ्यात शेवटी येतात. आधी जाते ती वीज.

पॅराडाइजनंतर कॅलिफोर्नियातल्या वीज कंपन्यांनी एक उपाय मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतला: वारा सुटायचा अंदाज आला की तारांमधला प्रवाहच बंद करायचा. ९ ऑक्टोबर २०१९ पासून सुमारे ७ लाख ३८ हजार ग्राहकांची वीज अशी मुद्दाम तोडली गेली. माणसं मोजली तर आकडा वीस लाखांच्या पुढे जातो. तार तुटून आग लागू नये म्हणून हे ठीकच. पण घरातलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतं. हे यंत्र आपल्याकडे कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघर माहीत झालं. ते ऑक्सिजन साठवत नाही. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून उरलेला ऑक्सिजन नळीत सोडतं. प्लग निघाला की पुरवठा त्याच क्षणी थांबतो. त्या वीजबंदीत सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी ऑक्सिजनवरचा एक रुग्ण अंधार झाल्यावर काही मिनिटांतच गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे कारण निघालं, तरी बंद पडलेलं यंत्र आणि सिलिंडरकडे अंधारात निघालेला माणूस हे चित्र राज्यभर चर्चेत राहिलं.

विजेची यादी इथे संपत नाही. श्वासयंत्र, झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठी रात्री लावायचं सीपॅप, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हवेची गादी, खाट वर-खाली करणारी मोटर, हे सगळं भिंतीतल्या दोन भोकांवर उभं आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. त्याची मात्र फार धास्ती नको. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं साधारण तापमानाला चार आठवडे टिकतात. त्याला मारतात ते तापलेल्या गाडीचा डॅशबोर्ड आणि बर्फाचा थेट स्पर्श. ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी मडक्यात ठेवायची आपली जुनी युक्ती इथे चालून जाते.

आणि गॅरेजचं दार! ऐकायला क्षुल्लक वाटेल. अमेरिकन घरांत ते बटणावर उघडतं. वीज गेली की हाताने उचलावं लागतं आणि जुनं लाकडी दार बरंच जड असतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोनोमा आणि नापा परगण्यांत मध्यरात्री वणवे घुसले तेव्हा काही वृद्धांना स्वतःचीच गाडी बाहेर काढता आली नाही. त्यावरून पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, की १ जुलै २०१९ नंतर बसवायच्या प्रत्येक गॅरेज-यंत्राला बॅटरी असलीच पाहिजे. एखाद्या दुखऱ्या खांद्याला किंवा संधिवाताच्या बोटांना काय जमणार नाही, हे कायद्याच्या भाषेत उतरलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

विजेमागोमाग येतो धूर, आणि त्याला तालुक्याच्या सीमा नसतात.

लाकूड, गवत, प्लास्टिक, रंग जळून जे सूक्ष्म कण उडतात त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. माणसाचा केस यापेक्षा वीस-तीसपट जाड. नाकातले केस आणि घशातला कफ यांना चकवून हे कण थेट वायुकोशांत उतरतात. काहींचा प्रवास तिथून रक्तातही होतो. शरीर त्याला सूज आणून उत्तर देतं. रक्त गुठळ्या करायला सरसावतं, हृदयाची लय बिघडू शकते. निरोगी माणसाला खोकला येतो, डोळे चुरचुरतात. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट श्वासविकाराच्या, रुग्णाला मात्र हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि हृदय आधीच थकलेल्या माणसाला कधी झटका येतो.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा जळत होता तेव्हा आगीत थेट ३३ माणसं गेली. धुरामुळे किती गेली याचा अंदाज संशोधकांनी काढला तो सुमारे ४१७ चा, आणि हृदय-श्वसनाच्या विकारांनी हॉस्पिटलांत भरती झालेल्यांचा तीन हजारांहून अधिक. वणव्याच्या बातमीत ज्वाळांचे फोटो येतात. धुराचे बळी मात्र आठवडाभराने, शंभर मैलांवरच्या एखाद्या वॉर्डात, हृदयविकाराच्या रकान्यात नोंदले जातात. त्यांचा फोटो कोण काढणार?

पॅराडाइज जळत होतं त्या आठवड्यात सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये मोजली गेली आणि १६ नोव्हेंबरला तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ९ सप्टेंबर २०२० रोजी तर सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात दिवस उगवला तो नारिंगी काळोख घेऊनच. दुपारी बारा वाजता रस्त्यावरचे दिवे लागलेले. याच पट्ट्यात, फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजेमध्ये, हजारो मराठी कुटुंबं राहतात. उन्हाळा-शरदात पुण्या-नागपूरहून आई-बाबा मुलांकडे सहा महिन्यांसाठी येतात. मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी झालेलं हृदय, जुना दमा हे सगळं सामानाबरोबर येतंच. अशा घरांसाठी एक बारीक गोष्ट सांगायला हवी. धुराच्या दिवसांत खिडक्या घट्ट लावून घेतल्या की घरातला धूरही आतच कोंडतो. म्हणून त्या दिवसांत उदबत्ती, धूप, समई नको, पुऱ्या-भजी तळणं नको, लाल मिरचीची खमंग फोडणीही नको. सुगरणीला हे पटवणं आग विझवण्याइतकंच अवघड, पण तळणाच्या धुरातही तेच बारीक कण असतात.

हवा गाळण्यासाठी महागडं यंत्र हवंच असं नाही. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने ओळखली जाणारी पेटी २०२० मध्ये पुढे आली. वातानुकूलन यंत्रात घालायचे चार दाट फिल्टर चौकोनात उभे करायचे, चिकटपट्टीने जोडायचे, खालची बाजू पुठ्ठ्याने बंद करायची आणि वर एक साधा चौकोनी पंखा ठेवायचा. घरातली एकच खोली अशी स्वच्छ ठेवून आजाऱ्याला तिथे झोपवलं तरी पुष्कळ फरक पडतो. बाहेर पडताना साधा कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क या कणांपुढे कुचकामी आहे. एन-९५ चालतो, पण तो वायू अडवत नाही. आणि फुप्फुसं कमकुवत असलेल्याला त्यातून श्वास ओढणंच जड जाऊ शकतं, म्हणून तो घालायचा की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारलेलं बरं.

तिसरी गोष्ट तुटते ती उपचारांची साखळी. ती तुटल्याचा आवाज होत नाही.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. त्यात एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. पॅराडाइजमध्ये आग विझल्यावर नळाच्या पाण्यात बेन्झीन सापडलं, कारण जळालेल्या वितरणवाहिन्यांनी जाळ्यातलं पाणीही विषारी केलं होतं. म्हणजे केंद्राची इमारत वाचली, वीज परत आली, नर्सही हजर झाल्या, तरी पाण्यावाचून यंत्र अडून बसतं. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला ‘तीन दिवसांचा आणीबाणीचा आहार’ शिकवून ठेवतात. पाणी साधारण निम्म्यावर, मीठ कमी, आणि पोटॅशियमवाले पदार्थ बंद. केळं, संत्रं, टोमॅटो, शहाळं हे आपण आजाऱ्याला प्रेमाने आणून देतो ते सगळं या यादीत वर्ज्य आहे. छावणीत स्वयंसेवक हातात केळं ठेवतो तेव्हा ते का नाकारायचं, हे रुग्णाला माहीत हवं आणि सोबत्यालाही.

कर्करोगाचं दुखणं आणखी गुंतागुंतीचं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक निष्कर्ष मांडला. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी किरणोपचार चालू असताना ज्यांच्या भागात चक्रीवादळ आलं, त्यांचा जगण्याचा काळ इतरांपेक्षा कमी भरला. त्यांचे किरणोपचार पुरे व्हायलाही इतरांपेक्षा जास्त दिवस लागले होते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वणव्यांवरचा अभ्यास आला: याच कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी गेल्यावर वर्षभरात ज्यांच्या भागात वणवा पेटला त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अधिक दिसलं. त्यात छावणी नावाचा वेगळाच प्रश्न. पॅराडाइजच्या विस्थापितांच्या छावण्यांत नोरोव्हायरसची साथ पसरली. उलट्या-जुलाबांनी माणसं हैराण झाली. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला अशा दालनात झोपवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात नेणं. त्याच्यासाठी नातेवाइकाचं घर, हॉटेलची खोली किंवा निदान छावणीतली स्वतंत्र जागा आधी ठरलेली हवी, आणि छावणीच्या दारात पाऊल टाकताच ‘केमो चालू आहे’ हे मोठ्याने सांगायला हवं.

मग उशीर न करता सगळ्यांनाच उचलून न्यावं का? तेही सरळ नाही. हलवण्यानेही माणसं मरतात. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा जवळच्या फुताबा हॉस्पिटलमधले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवले गेले. चाळीसच्या आसपास रुग्ण त्या धावपळीत आणि तिच्या परिणामाने गेले. त्यांचा जीव किरणोत्साराने गेला नाही. जीव घेतला तो थंडीने, कोरड्या घशाने आणि न मिळालेल्या शुश्रूषेने. २०१७ च्या त्याच सोनोमा परगण्यातल्या वणव्यात सँटा रोझामधल्या एका वृद्धनिवासात बस दारात उभी होती, पण तिच्या किल्ल्या कुठे आहेत हे रात्रपाळीच्या कोणालाच ठाऊक नव्हतं. कर्मचारी निघून गेले तेव्हा मागे राहिलेल्या वीसहून अधिक वृद्धांना नातेवाइकांनी आणि मदतकर्त्यांनी बाहेर काढलं.

उलट उदाहरणंही आहेत. मे २०१६ मध्ये कॅनडातलं फोर्ट मॅकमरी शहर पेटलं आणि सुमारे ८८ हजार लोक बाहेर पडले, तेव्हा तिथल्या हॉस्पिटलने शंभराहून अधिक रुग्ण बसमधून सुखरूप हलवले. ग्रीसमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये अलेक्झांड्रुपोलीच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या दिशेने आग सरकली, तर रुग्णांना बंदरात उभ्या फेरीबोटीवर नेलं. मोटारी ठेवायच्या नि प्रवाशांच्या बसायच्या जागेत गाद्या अंथरल्या गेल्या आणि रात्रभर तेच हॉस्पिटल झालं. या दोन्ही ठिकाणी माणसं धाडसी होती, हे खरंच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट, संस्था होती: यादी होती, वाहन होतं, कोणाला कुठे न्यायचं हे सांगणारा माणूस होता. घरातल्या आजाऱ्याकडे यातलं काहीच नसतं, ते घरच्यांनाच उभं करावं लागतं.

सरकारी याद्या असतात. व्हिक्टोरिया प्रांताने ब्लॅक सॅटर्डेनंतर असहाय व्यक्तींची नोंदवही सुरू केली. अमेरिकेत केंद्राचा आरोग्य विभाग घरी विजेच्या उपकरणांवर जगणारी माणसं कोणत्या भागात किती आहेत याचा नकाशा ठेवतो. वीज कंपन्यांकडेही वैद्यकीय गरजेची नोंद करता येते आणि पुरवठा तोडण्याआधी त्या घराला कळवलं जातं. नाव जरूर नोंदवावं. पण नोंद म्हणजे सुटकेची हमी नव्हे, हे त्या याद्या ठेवणारेच बजावून सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडिनात ईटन आगीने जे बळी घेतले त्यांतही वृद्ध आणि अपंगांचा भरणा मोठा होता. पश्चिम भागात घर सोडण्याचा आदेश पोचायला तासन्‌तास उशीर झाला आणि मदतीची वाट पाहत काहींनी घरातच प्राण सोडला.

म्हणून गंभीर आजारी माणसाचं घड्याळ शेजाऱ्याच्या घड्याळापेक्षा पुढे लावावं लागतं. कॅलिफोर्नियात आधी ‘इशारा’ येतो, मग ‘आदेश’. धडधाकट माणूस आदेशावर निघाला तरी निभावतं. ज्याला कपडे घालायला अर्धा तास, गाडीत बसायला पंधरा मिनिटं आणि वाटेत दोनदा थांबावं लागतं, त्याने इशाऱ्यावर, किंवा ‘लाल निशाण’, म्हणजे आग भडकवणाऱ्या कोरड्या वाऱ्याचा हवामान खात्याचा अंदाज, आला त्याच संध्याकाळी निघावं. दहांपैकी नऊ वेळा आग येणार नाही. लोक हसतील. हसू द्यावं.

निघताना काय न्यायचं, हे आजारावर ठरतं. औषधांची पेटी सगळेच घेतात. विसरतात ते चार्जर, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, स्टोमाच्या पिशव्या, फीडिंग ट्यूबची जोडणी. विजेवरची मोठी चाकाची खुर्ची शंभर किलोच्या पुढेही भरू शकते आणि साध्या गाडीत चढतच नाही, म्हणून हाताने ढकलायची घडीची एक चाकाची खुर्ची दाराशी लागते. ऑक्सिजनचा सिलिंडर न्यायचा तर तो गाडीत घट्ट बांधून. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. आणि एक कागद, एकच: आजाराचं नाव, औषधं मात्रेसकट, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, शेवटचं डायलिसिस किंवा केमो कधी झालं ती तारीख. मोबाईलमध्ये सगळं असतं खरं, पण कॅम्प फायरच्या सकाळी पॅराडाइजमधल्या कित्येकांचे मोबाईल मुके झाले होते.

पॅराडाइजमध्ये आता भोंग्यांचे उंच मनोरे उभे आहेत. आपल्या घरात असं कोणी असेल, इथे किंवा समुद्रापार, तर भोंगा वाजल्यावर त्यांच्या दाराशी गाडी कोण आणणार, त्या माणसाचं नाव आजच ठरवा, आणि तो नसेल तर दुसरं कोण, तेही.